घारीचा उजवा हात

शाळा माणसाला निवृत्त करते. त्याच्या टोपणनावाला मात्र करीत नाही. पर्यवेक्षकांचे टोपणनाव 'घार' असे होते. दवाखान्याच्या रांगेत किंवा बँकेच्या खिडकीशी एखादा टक्कल पडू लागलेला गृहस्थ त्यांना पाहून अजूनही दचकून खिशातले हात बाहेर काढी, आणि त्या दिवशी त्यांना जेवण चार घास जास्त जाई.

त्यांनी शिकवले काय, हे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला आता सांगता आले नसते. त्यांनी पकडले काय, हे मात्र सर्वांना पाठ होते. बाहीच्या दुमडीतली चिठ्ठी, पट्टीच्या मागच्या बाजूला कोरलेली सूत्रे, पाण्याच्या बाटलीच्या कागदी वेष्टनाआड लपलेला अख्खा इतिहास. कॉपी पकडण्याचे त्यांचे स्वतःचे शास्त्र होते. नवशिका माणूस संशय येताच झडप घालतो. पर्यवेक्षक तसे करीत नसत. ते मुलाच्या पाठीमागे जाऊन उभे राहत आणि काही न बोलता उभेच राहत. थोड्या वेळाने मुलाचे कान लाल होत, मग मानेवर घाम येई, आणि शेवटी चिठ्ठी आपण होऊन जमिनीवर पडे. "मी आजवर एकाही मुलाची झडती घेतली नाही," असे ते निरोपसमारंभात म्हणाले होते, "माझी सावली पुरली." यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सहकारीही त्याच सावलीत नोकरी करून थकलेले होते, त्यामुळे त्या मनापासून वाजल्या.

अशा माणसाच्या हातून एके सकाळी दाढीचा ब्रश गळून पडला. अर्धांगाचा झटका सौम्य आहे, असे मोठ्या डॉक्टरांनी सांगितले. पाय आठवड्याभरात ताळ्यावर आला. वाचा तर त्याच्याही आधी परतली, आणि याबद्दल घरात संमिश्र भावना होत्या. राहिला तो उजवा हात. खांद्यापासून मनगटापर्यंत तो त्यांचाच होता. पुढचा पंजा मात्र कुणीतरी सांभाळायला म्हणून दिला आणि परत न्यायचा विसरला, असा मांडीवर पडून राही. फळ्यावर ज्याच्या अक्षराला ओळ आखून द्यावी लागत नसे, त्या हाताला आता शर्टाचे बटण लावता येत नव्हते. रोज सकाळी पत्नी समोर उभी राहून बटणे लावी आणि तेवढा वेळ पर्यवेक्षक छताकडे पाहत. छतात पाहण्यासारखे काही नव्हते.

हातावर उपचार करायला जी फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली, ती त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली. शहरभर रुग्ण असलेली, खांद्याला बॅग आणि कानाला फोन लावून जिने चढणारी ही बाई पर्यवेक्षकांच्या खोलीत शिरताना मात्र पाय दोनदा पुसून घेई.

"सर, सिमेंट ओलं आहे तोवर आकार देता येतो," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "हाताचंही तसंच असतं. हे पहिले काही महिने सोन्याचे. आत्ता बोटं कामाला लागली तर लागली. नाहीतर मग आहे तशी कडक होऊन बसतात."

"करायचं काय ते सांग."

"चिमटीत धरून फिरवायचं काहीतरी. रोज, भरपूर वेळ." ती जरा चाचरली. "विटा फोडायचा एक व्हिडिओ गेम येतो सर, टीव्हीला जोडायचा. फुटपाथवर मिळतो, अगदी स्वस्त. त्याला एक चकती असते, ती फिरवायची. माझ्या बऱ्याच पेशंटना त्यानं फरक पडलाय."

पर्यवेक्षकांचा चेहरा पाहून तिला दहावीचा वर्ग आठवला असावा. असले खेळ जप्त करून कपाटात कोंडण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती.

"मी विटा फोडू?"

"खेळ नका समजू सर. हाताची परीक्षा समजा," ती घाईघाईने म्हणाली.

बिचारीने हा शब्द धीर देण्यासाठी वापरला. तिथेच घोटाळा झाला. पर्यवेक्षकांच्या घरात परीक्षा म्हटली की एकच प्रश्न विचारला जाई, तो म्हणजे गुण किती पडले हा.

मुलगा दुसऱ्याच दिवशी तो खेळ घेऊन आला. साबणाच्या वडीएवढा प्लॅस्टिकचा डबा, त्याला टीव्हीत खुपसायची वायर आणि वर बाटलीच्या झाकणासारखी एक चकती. ती फिरवली की पडद्याच्या तळाशी एक फळी डावी-उजवीकडे सरके. फळीवर चेंडू आपटे, वर जाई आणि रंगीत विटांच्या रांगांपैकी एखादी वीट नाहीशी करी. फळी वेळेवर पोचली नाही की चेंडू खाली पडे आणि डबा तीन उतरते सूर काढी, कुणीतरी निराश होऊन जिना उतरावा तसे. कोपऱ्यात स्कोअरचा आकडा लुकलुके. घराचे सगळे लक्ष त्या आकड्याकडे लागले, हे सांगायला नको.

पहिल्या दिवशी उजव्या हाताने चकती धरली, सोडली, पुन्हा धरली. फळी एका कोपऱ्यात जाऊन बसली ती हलेना. चेंडू शांतपणे तिच्या शेजारून निघून गेला.

"चाळीस," मुलगा म्हणाला. बापाच्या तोंडून आयुष्यभर जो स्वर ऐकला, तोच त्याच्याही तोंडी आला होता. "होईल सवय, बाबा. चाळीस म्हणजे अगदीच काही हे नाही."

पर्यवेक्षकांना उभ्या जन्मात चाळीस पडले नव्हते.

त्यात संध्याकाळी चित्रकलेचे मास्तर समाचाराला आले. शाळेत या दोघांचे कधी पटले नाही. मास्तर परीक्षेच्या हॉलमध्ये पहाऱ्याला बसले की खिडकीबाहेरच्या झाडाचे चित्र काढीत आणि मुले आपापसात गणिते सोडवीत. मास्तरांनी चहा पिता पिता एका हाताने चकती फिरवली. विटांची अख्खी भिंत खाली आली आणि डब्याने विजयाची धून वाजवली.

"मजेशीर आहे हो," बशी खाली ठेवत मास्तर म्हणाले. "तुमचे किती होतात, पर्यवेक्षक?"

"मी औषध म्हणून खेळतो, मास्तर."

"तरी पण?"

"चाळीस," मुलाने मदत केली.

"असू द्या, असू द्या. ग्रेस मार्क देता येतील." मास्तर हसले, आणि जाताना दारातून पुन्हा एकदा हसले.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी शाल मागवली. हात गार पडतो, असे कारण दिले. डबा मांडीवर, त्यावर शाल, शालीखाली दोन्ही हात आणि समोर टीव्ही. लपवण्याच्या सगळ्या तऱ्हा ज्याने तीस वर्षे उघड्या पाडल्या, त्याला त्यांतली कधीच पकडली न जाणारी कोणती, हे ठाऊक असणारच. उजवा पंजा मांडीच्या कडेला पडून राहिला आणि डाव्या हाताने चकती धरली.

त्या दिवशी स्कोअर दीडशेवर गेला.

"आई, बघ तरी," मुलगा ओरडला. "एका दिवसात."

पत्नी ओल्या हातांनी बाहेर आली, आकडा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. चेहऱ्यावर यशाचे तेज होते. ती परत आत गेली.

आपण काही गैर करतो आहोत, असे पर्यवेक्षकांना पहिले दोन दिवस वाटले. तिसऱ्या दिवसापासून त्यांना आपल्या कृतीमागचे तत्त्व दिसू लागले. आधी चेंडूचा अभ्यास व्हायला हवा. कोन समजले की उजवा हात आपोआप शिकेल. एका हाताचे ज्ञान दुसऱ्याला मिळत नाही असे कुठे लिहिले आहे? शिवाय घरातल्यांचा उत्साह टिकवणे हाही उपचाराचाच भाग होय. माणूस जितका शिकलेला, तितकी त्याची स्वतःला फसवण्याची भाषा शुद्ध असते, आणि पर्यवेक्षक तर व्याकरणाचे पेपर तपासलेले गृहस्थ होते.

स्कोअर चढत गेला. मुलगा ऑफिसातून आला की बूट काढण्याआधी विचारी, "आज किती?" आणि फिजिओथेरपिस्टला फोन करून आकडा कळवी. ती तिकडून "अरे वा, सर म्हणजे सरच" असे म्हणे. चित्रकलेच्या मास्तरांना मुद्दाम चहाला बोलावून त्यांच्यादेखत दोन भिंती पाडण्यात आल्या. मास्तरांनी शालीकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "अवघड आहे बुवा. न पाहता, न दिसता. मला नाही जमायचं." या वाक्याला चिमटा होता की शाबासकी, याचा निर्णय पर्यवेक्षकांनी सोयीने केला.

शालीच्या आत उजवा पंजा शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा बसून असे. त्याला कुणी प्रश्न विचारीत नव्हते, त्यामुळे तो चुकतही नव्हता.

सकाळी मात्र शर्ट येई.

"आज तुम्ही लावून बघता का?" पत्नी विचारी.

"काजं फार घट्ट आहेत या शर्टाची."

तिने दुपारी सगळे शर्ट काढले, कात्रीच्या टोकाने प्रत्येक काज वाढवले आणि कडेने नवा टाका घातला. दुसऱ्या सकाळी त्या काजातून बटणच काय, रुपयाचे नाणेही गेले असते.

"बटणं गुळगुळीत आहेत," पर्यवेक्षक छताकडे पाहत म्हणाले.

ती लग्नानंतर कितीतरी वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. लोकांचे बोलणे जोडून द्यायचे आणि कानावर पडलेले पोटात ठेवायचे, हा त्या नोकरीचा अर्धा भाग. त्यामुळे नवऱ्याचा स्वभाव तिने ऐकत काढला होता. त्यावर मत द्यायची तिला घाई नव्हती. रविवारी ती त्यांची नखे कापायला बसली. उजव्या हाताची बोटे लोण्यासारखी मऊ होती. डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मात्र चांगला घट्टा पडला होता, हातोडी धरणाऱ्याला पडतो तसा. तिने त्या घट्ट्यावरून एकदा बोट फिरवले, नखे कागदात गोळा केली आणि उठली.

त्याच संध्याकाळी पर्यवेक्षक खेळत असताना ती त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही. खेळा."

ते खेळू लागले. ती उभीच होती. समोर चेंडू भिंतीच्या फटीतून वर शिरून धडाधड विटा पाडत होता, खेळातला सर्वांत सुखाचा क्षण. पर्यवेक्षकांच्या मानेला मात्र खाज सुटली. पाठीमागून जो श्वास ऐकू येतो, तोच इतकी वर्षे आपण किती मुलांना ऐकवला, हा विचार त्यांच्या मनात आला असता तर बरे झाले असते. त्यांना एवढेच जाणवले की कान तापले आहेत. फळी चुकली. तीन सूर जिना उतरून गेले.

"तुझ्यामुळे गेला."

"हो का?" ती म्हणाली आणि भाजी परतायला निघून गेली.

त्यानंतर फिजिओथेरपिस्ट स्वतः आली. मुलाने सुट्टी घेतली होती. मास्तरांनाही निरोप गेला होता. तिने पर्यवेक्षकांचा उजवा हात हातात घेतला, मनगट फिरवले, बोटे एकेक करून उघडली. बोटे जुन्या पेटीच्या बिजागऱ्यांसारखी कुरकुरली.

"थोडी कडक वाटताहेत सर."

"सकाळपासून खेळतोय. दमलाय तो."

"काल सहाशेच्या वर गेले बाबा," मुलगा म्हणाला.

तिच्या हातात हात होता आणि कानात आकडा. क्षणभर तिने बोटांकडे पाहिले, मग मुलाकडे. शिकलेल्या माणसाने अशा वेळी कशावर विश्वास ठेवायचा, हे त्याच शाळेत तिला शिकवले गेले होते.

"सहाशे म्हणजे फारच झाले. जरा खेळून दाखवता, सर?"

शाल आली. पर्यवेक्षक खेळले, आणि असे खेळले की मास्तर चहा विसरले. ती शालीकडे पाहत होती. तिच्या मनात काही आले असेल, तर ते तिने तिथल्या तिथे दाबले. हॉलमध्ये पाठीशी उभे राहिलेले सर तिने पाहिले होते. त्यांना "शाल बाजूला करा" म्हणण्यापेक्षा तिने स्वतःची जीभ कापून दिली असती.

"पास, सर," ती बॅग उचलत म्हणाली. "आता मी यायची गरज नाही. दुसरा एक पेशंट कधीपासून थांबलाय, तुमची वेळ त्याला देते. तुम्ही असताना आम्हाला मान वळवायची भीती वाटायची, सर. तुम्हाला काय शिकवायचं मी?"

पर्यवेक्षकांचे तोंड उघडले. सिमेंट ओले असल्याचे वाक्य त्यांना आठवले. आत्ता बोललो नाही तर हा हात असाच राहणार, आणि बोललो तर मास्तर हे चहाच्या प्रत्येक कपासोबत गावभर सांगणार. दोन्ही गोष्टी त्यांनी तोलल्या.

"जपून जा हं," ते म्हणाले.

मुलाने पेढ्यांचा पुडा फोडला. पत्नीने पेढा घेतला नाही.

सकाळी तिने शर्ट त्यांच्या खांद्यांवर चढवला, आणि समोर उभी राहण्याऐवजी खुर्ची ओढून बसली.

"बटणं?" पर्यवेक्षकांनी छताकडे पाहत विचारले.

"पास झालेल्या माणसाची बटणं मी कशाला लावू? लावा तुम्ही. मी बघते."

मग डावा हात सावकाश वर आला आणि गळ्याजवळच्या बटणाकडे निघाला.

"तो नको," ती म्हणाली. "तो पास आहे. दुसरा."

डावा हात हवेत थांबला. कितीतरी दिवसांत पर्यवेक्षकांनी प्रथमच छत सोडून समोर पाहिले.

"केव्हा कळलं तुला?"

"नखं कापली तेव्हा."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्हीच सांगत आलात ना? बोलायचं नाही, नुसतं मागे उभं राहायचं, चिठ्ठी आपली आपण पडते." ती उठली. "तुमची काही पडली नाही. आणि हात जायची वेळ आली, म्हणून बोलले."

उजवा हात शर्टाच्या कडेपर्यंत जेमतेम पोचला. बोटांनी बटणाला शिवून पाहिले, बटण काजाच्या भल्यामोठ्या तोंडाशी गेले, घसरले, आणि हात मांडीवर आदळला. पुन्हा उचलला. पुन्हा आदळला. इतक्या रुंद काजालाही जो हात चुकतो तो किती गेलेला आहे, हे आकड्यावाचून प्रथमच दिसत होते. पर्यवेक्षकांच्या कपाळावर घाम आला.

"तिला फोन कर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सांग, काहीतरी सांग. पुन्हा यायला सांग."

"नंबर लावून देते. जोडून द्यायचं काम माझं. बोलायचं ज्याचं त्यानं."

तिने खरोखरच नंबर लावला आणि फोन त्यांच्या डाव्या कानाला धरला. पलीकडून घाईचा आवाज आला. "बोला सर."

पर्यवेक्षकांनी घसा साफ केला. कॉपीच्या प्रकरणांवर त्यांनी असंख्य अहवाल लिहिले होते. नेमक्या वेळी ती भाषा धावून आली.

"कालच्या परीक्षेत," ते म्हणाले, "गैरप्रकार झाल्याचं निदर्शनास आलं आहे."

"म्हणजे, सर?"

"कॉपी झाली आहे."

"कुणी केली?"

या वाक्यात कर्ता घालावा लागणार, हे त्यांच्या लक्षात आले. पत्नी फोन धरून शांतपणे भिंतीकडे पाहत होती.

"विद्यार्थी... आपल्याच घरातला आहे," पर्यवेक्षक म्हणाले. "डावखुरा नाही. पण डाव्या हातानं लिहिलाय त्यानं पेपर. शालीखाली."

पलीकडे शांतता पसरली. ती लवकर संपेना. त्या शांततेत कुणीतरी आपल्या पाठीशी येऊन उभे राहिले आहे, अगदी जवळ, असे त्यांना वाटले. आणि मागे वळून पाहायचा त्यांना धीर झाला नाही.

"शाल कपाटात ठेवा, सर," ती शेवटी म्हणाली. आवाजात हसू होते की नाही, हे फोनवरून समजेना. "सराव तेवढा चालू ठेवा, उजव्या हातानं. तुमची वेळ दुसऱ्या पेशंटला गेली आता. जागा झाली की कळवते."

जन्मात पहिल्यांदा पर्यवेक्षकांना कुणीतरी रांगेत उभे केले होते.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तेव्हा बैठकीच्या खोलीतून तेच तीन सूर पुन्हा पुन्हा येत होते. जिना उतरणारे कुणीतरी थांबतच नव्हते. पर्यवेक्षक उघड्या शर्टाने टीव्हीसमोर बसले होते, शाल नव्हती, आणि वाकडी बोटे चकतीवरून घसरत होती. मुलाने कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात आला.

"आई, बाबांचं काय झालं? एकदम तीसवर? काल सहाशे होते."

"अभ्यासाला बसलेत," ती कणीक मळता मळता म्हणाली. "दार ओढून घे."

त्याने दार ओढले. तरी आतला आवाज बाहेर आलाच.

"चकतीत दोष आहे," पर्यवेक्षक कुणाला तरी सांगत होते. मग तीन सूर पुन्हा खाली उतरले.